तीन गिअरच्या जुन्या ऑटोमॅटिकला ओव्हरड्राइव्ह: १९७० च्या शेवेलवर हे काम कसं करावं

जुनी मसल कार, म्हणजे मोठ्या इंजिनाची वेगवान अमेरिकन गाडी, हायवेवर ताशी ७० मैलांनी न्यायची म्हणजे इंजिन साडेतीन हजार आरपीएमच्या आसपास गरगरत राहतं, शेजारच्याशी बोलायला आवाज चढवावा लागतो आणि पेट्रोलचा काटा डोळ्यांदेखत उतरतो. यात दोष इंजिनाचा नाही आणि गिअरबॉक्सचाही नाही. १९६४ ते १९७२ या काळात डेट्रॉइटने या गाड्या बनवल्या तेव्हा भर होता पाव मैलाच्या शर्यतीवर. मागच्या एक्सलचं गुणोत्तर, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्यामागे त्याच्याकडे जाणाऱ्या प्रोपेलर शाफ्टचे फेरे, ३.७३ किंवा ४.१० ठेवलं की गाडी जागेवरून झेपावायची. तिसरा गिअर १.०० चा, म्हणजे इंजिन जितकं फिरेल तितकाच शाफ्ट फिरणार, त्याच्यापुढे काहीच नाही. १९७४ मध्ये अमेरिकेत ताशी ५५ मैलांची मर्यादा आली, १९८७ मध्ये शहराबाहेरच्या इंटरस्टेट महामार्गांवर ती ६५ झाली, १९९५ मध्ये उठली, आणि तोवर ही उणीव बरीचशी झाकली गेली. आज इंटरस्टेटवर रहदारीच ७०-७५ ने वाहते.

अमेरिकेत स्थायिक झालेल्या आपल्या मराठी मंडळींपैकी, विशेषतः मिशिगनात गाड्यांच्या कंपन्यांत काम करणाऱ्यांपैकी, काहींच्या गॅरेजात अशी एखादी गाडी हमखास सापडते. ती वर्षातून चार वेळा बाहेर निघते, कारण लांब न्यायची छाती होत नाही. गिअरबॉक्सच्या मागे जोडलेलं ओव्हरड्राइव्ह युनिट, म्हणजे इंजिन कमी फिरूनही चाकं तितक्याच वेगात फिरवणारा जादा गिअर, नेमकी ही अडचण सोडवतं. मूळ गिअरबॉक्स तसाच राहतो, मागचा एक्सल तसाच राहतो, जागेवरून सुटण्याचा जोरही तसाच राहतो.

उदाहरण म्हणून एकच गाडी धरतो: १९७० ची शेवरोलेची दोन दारांची शेवेल, बिग-ब्लॉक (मोठ्या आकाराचं व्ही-८) इंजिन, टर्बो हायड्रा-मॅटिक ४०० (पुढे टीएच ४००) हा तीन गिअरचा ऑटोमॅटिक आणि ३.७३ चा एक्सल. फोर्डच्या सी-६ ला किंवा क्रायस्लरच्या ७२७ टॉर्कफ्लाइटला तपशील थोडे बदलतात, विचार तोच लागतो. हे काम गिअरबॉक्सचं वाटतं, पण माझ्या मते ते तीन चतुर्थांश मोजमापाचं काम आहे. बोल्ट आवळणं एका शनिवारात होतं. मापं चुकली तर गाडी पुढची दोन वर्षं थरथरत राहते.

आधी कागद-पेन्सिल

युनिट मागवण्यापूर्वी हे सूत्र वापरा:

आरपीएम = ताशी मैल × एक्सलचं गुणोत्तर × ३३६ ÷ टायरचा व्यास इंचात

टायरचा व्यास टायरवर छापलेल्या आकड्यावरून काढू नका. गाडी सपाट जागी उभी करा, जमिनीपासून चाकाच्या मध्यापर्यंतचं अंतर मोजा आणि दुप्पट करा. गाडीच्या वजनाने टायर जितका दबतो तितका फरक उत्तरात पडतो.

२३५/६०-१५ या मापाचा टायर कागदावर २६.१ इंचांचा. ताशी ७० मैल आणि ३.७३ चा एक्सल धरला तर उत्तर येतं सुमारे ३३६०. टॉर्क कन्व्हर्टर, म्हणजे इंजिनाचा जोर तेलातून गिअरबॉक्सकडे देणारा भाग, थोडा घसरतो, म्हणून प्रत्यक्ष काटा याच्या थोडा वरच दिसेल. या क्षेत्रात सर्वांत परिचित असलेल्या कॅलिफोर्नियातल्या गिअर व्हेंडर्सच्या युनिटचं गुणोत्तर ०.७७८ आहे. त्याने गुणलं की ३३६० चे २६१५ होतात. ४.१० चा एक्सल असेल तर ३६९५ वरून २८७५. ३.३१ असेल तर २९८० वरून २३२०.

आता उलटी बाजूही बघा. गाडीत आधीच २.७३ चा एक्सल असेल, तर ताशी ७० ला इंजिन २४६० वरच आहे आणि ओव्हरड्राइव्ह लावल्यावर ते १९०० वर येईल. मोठा कॅमशाफ्ट असलेलं इंजिन तिथे नीट जळतही नाही, हिसके देत चालतं. अशा गाडीला या युनिटची गरज नाही. त्यासाठीचे पैसे ब्रेक आणि टायरवर घाला.

दुसरे दोन रस्ते

पहिला रस्ता म्हणजे एक्सलमधली क्राउन-पिनियन ही दातेरी चक्रांची जोडी बदलून गुणोत्तर उतरवणं. स्वस्त आहे, पण गाडीचा स्वभावच जातो. दुसरा म्हणजे पूर्ण गिअरबॉक्स बदलून जनरल मोटर्सचा चार गिअरचा ऑटोमॅटिक बसवणं: १९८१ मध्ये आलेला २००-४आर किंवा १९८२ चा ७००-आर४. साधं स्मॉल-ब्लॉक (लहान व्ही-८) इंजिन आणि टीएच ३५० हा हलका गिअरबॉक्स असलेल्या गाडीसाठी २००-४आर मला खरंच चांगला पर्याय वाटतो. त्याचा चौथा गिअर ०.६७ चा आहे आणि त्याची एकूण लांबी सहा इंची शेपटीच्या (गिअरबॉक्सच्या मागच्या निमुळत्या खोक्याच्या) टीएच ३५० इतकीच असल्याने बहुतेक वेळा शाफ्ट बदलावा लागत नाही. मात्र त्याची थ्रॉटल व्हॉल्व्हची केबल कार्बुरेटरशी काटेकोर जुळवावीच लागते. ती चुकली की आतला दाब कमी पडतो आणि क्लच प्लेटा थोड्याच प्रवासात जळतात.

बिग-ब्लॉकसाठी मी मात्र टीएच ४०० काढणार नाही. १९७० च्या शेवेलमधल्या ४५४ एलएस-६ इंजिनाचा जाहीर टॉर्क ५०० पाउंड-फूट होता आणि कारखान्याने त्यामागे हाच गिअरबॉक्स दिला. शिवाय गाडीच्या क्रमांकाशी जुळणारा मूळ गिअरबॉक्स हा त्या गाडीच्या किमतीचाच भाग असतो. मागे जोडलेलं युनिट कधीही काढून, जपून ठेवलेली मूळ शेपटी परत लावता येते. युनिट महाग आहे, शाफ्ट आणि किरकोळ खर्च धरून काही हजार डॉलर लागतात. ते परवडणार असेल तरच या रस्त्याला लागा.

आत काय घडतं

हे समजून घेतल्याशिवाय हात लावू नका, कारण पुढचे सगळे नियम यातूनच निघतात. मूळ रचना इंग्लंडमधली, एडगर डी नॉर्मनविल या अभियंत्याची. लेकॉक डी नॉर्मनविल या नावाने ती ट्रायम्फ, एमजी, व्होल्व्हो अशा कितीतरी गाड्यांत वापरली गेली.

युनिटच्या आत ग्रहमालेसारखा गिअरसंच असतो. गिअरबॉक्सकडून आलेला शाफ्ट ग्रह-गिअर धरणारी चौकट फिरवतो आणि बाहेरचं दातेरी कडं मागच्या चाकांकडे जातं. मधला सूर्य-गिअर एका शंकूच्या आकाराच्या क्लचला जोडलेला असतो. ओव्हरड्राइव्ह बंद असताना स्प्रिंगा हा शंकू बाहेरच्या कड्यावर दाबून धरतात, सगळं एकसंध फिरतं आणि गुणोत्तर १.०० राहतं. पुढे जाताना मुख्य भार एका दिशेनेच पकडणारा क्लच उचलतो. उतारावर इंजिनाचा रोध आणि रिव्हर्सचा जोर मात्र शंकूवर येतो.

सोलेनॉइडला (विजेवर चालणाऱ्या तेलाच्या झडपेला) १२ व्होल्ट मिळाले की युनिटच्या स्वतःच्या पंपाचा तेलदाब शंकूला विरुद्ध बाजूच्या स्थिर कड्यावर ढकलतो. सूर्य-गिअर थांबतो, त्याच्याभोवती ग्रह-गिअर फिरतात आणि बाहेरचं कडं इंजिनापेक्षा जास्त वेगाने फिरू लागतं.

आता रिव्हर्सचा विचार करा. ओव्हरड्राइव्ह लागलेला असताना गाडी मागे घेतली, तर बाहेरचं कडं उलट दिशेने जास्त वेगात फिरू पाहतं, नेमकं तेव्हाच एकदिशा क्लच त्याला पकडतो आणि काहीतरी मोडतं. पंपाचा दाब उतरायलाही क्षणभर लागतो. म्हणून ओव्हरड्राइव्ह सुटल्याची खात्री होईपर्यंत रिव्हर्स टाकायचा नाही. तो सुटतच नसेल तर गाडी मागे घ्यायची नाही आणि हाताने मागे ढकलायचीही नाही. घरातल्या ज्या कोणाच्या हातात किल्ली जाईल त्या प्रत्येकाला हे सांगून ठेवा.

गिअरबॉक्सची तब्येत

थकलेल्या गिअरबॉक्समागे नवं युनिट लावू नका. डिपस्टिकवरचं तेल लालसर आणि स्वच्छ आहे का, जळका वास येतो का, दुसऱ्या-तिसऱ्या गिअरला जाताना इंजिन मोकळं गुरगुरतं का, हे आधी बघा. टीएच ४०० ला इंजिनाच्या व्हॅक्युमवरून आतला दाब ठरवणारा व्हॅक्युम मॉड्युलेटर असतो. त्याची नळी उपसून पाहिली आणि आत तेल दिसलं तर मॉड्युलेटर फाटला आहे, तो बदला.

त्याहून महत्त्वाचा आहे कन्व्हर्टर. टीएच ४०० च्या कन्व्हर्टरला लॉक होण्याची सोय नाही, म्हणजे तो कायम थोडा घसरतो आणि ती घसरण उष्णता बनून तेलात जाते. ओव्हरड्राइव्ह लावल्यावर तोच वेग राखण्यासाठी तितकीच शक्ती लागते, पण आरपीएम कमी झाल्यामुळे इंजिनाला सुमारे २८ टक्के जास्त टॉर्क द्यावा लागतो. कमी आरपीएम आणि जास्त टॉर्क हे दोन्ही एकत्र आले की कन्व्हर्टर आधीपेक्षा जास्त घसरतो. मूळ घट्ट कन्व्हर्टर असेल तर फरक जाणवणार नाही. पण कोणीतरी शर्यतीसाठी तीन-साडेतीन हजार आरपीएमपर्यंत घसरणारा सैल कन्व्हर्टर बसवून ठेवला असेल, तर २६०० वर तासभर हायवे म्हणजे तेल तापवण्याचा कार्यक्रम. आरपीएम गणिताइतका उतरत नाही, पेट्रोल वाचत नाही आणि मालक म्हणतो युनिट वाईट. अशा गाडीत आधी घट्ट कन्व्हर्टर बसवा, रेडिएटरपुढे तेलाचा वेगळा कूलर लावा आणि तापमानाचा काटा बसवा. सपाट हायवेवर तेल ९० ते ९५ अंश सेल्सिअसच्या आत राहिलं पाहिजे.

काढण्यापूर्वीची मापं

गाडी चारही चाकांवर, आपल्या नेहमीच्या उंचीवर हवी. चार रॅम्प मिळाले तर उत्तम, कारण खाली सरकायला जागाही मिळते. अंशमापक घेऊन तीन कोन टिपा: इंजिन-गिअरबॉक्सचा, प्रोपेलर शाफ्टचा आणि पिनियनचा (एक्सलमध्ये शिरणाऱ्या दांड्याचा). पहिला कोन इंजिनाच्या पुढच्या बॅलन्सरच्या सपाट तोंडावर घ्या, पिनियनचा त्याच्या योकच्या (शाफ्ट जोडायच्या दुबेळक्याच्या) घासून सपाट केलेल्या बाजूवर. ओबडधोबड ओतीव भागावर मापक टेकवलं तर आकडा खोटा येतो.

नियम असा की गिअरबॉक्स मागे जितका खाली झुकला असेल तितकाच पिनियन पुढे वर असावा, म्हणजे दोन्ही अक्ष समांतर राहतात. शाफ्ट आणि त्याच्या दोन्ही टोकांमधला प्रत्येक कोन तीन अंशांच्या आत असावा, पण शून्य नको. अर्धा अंश तरी असला पाहिजे, नाहीतर युनिव्हर्सल जॉइंटच्या (शाफ्टच्या टोकाच्या वळणाऱ्या सांध्याच्या) क्रॉसमधल्या बेअरिंगच्या सुया एकाच जागी बसून खड्डे पाडतात.

युनिटमुळे हे कोन बदलतात. समजा गिअरबॉक्स तीन अंश झुकलेला आहे, शाफ्ट ५५ इंचांचा आहे आणि त्याच्या दोन टोकांत एक इंच उतार आहे. पुढचा कोन साधारण दोन अंश होतो. युनिटने सांधा दहा इंच मागे नेला तर तो त्याच झुकावाने अर्धा इंच खालीही जातो. उरलेल्या ४५ इंचांत अर्धाच इंच उतार राहतो आणि कोन दोनावरून अडीचकडे सरकतो. इथे तो मर्यादेत आहे. पण मागून उंच किंवा खूप खाली केलेल्या गाडीत हाच हिशोब मर्यादा ओलांडतो, म्हणून तो आपल्या मापांनी करा.

युनिट मागवताना गिअरबॉक्सचा प्रकार, मूळ शेपटीची लांबी, शेपटीच्या शाफ्टवरचे दाते, गाडी दोन दारांची की चार, हे सगळं लिहून द्या. १९६८ ते ७२ च्या दोन दारांच्या शेवेलचा व्हीलबेस ११२ इंच आणि चार दारांचा ११६, त्यामुळे दोघींचे शाफ्ट वेगळे.

सोडवणं

बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. गाडी चार भक्कम घोड्यांवर (जॅक स्टँडवर) फ्रेमखाली, पाणसळीत उभी करा. मागून उतरती राहिली तर शेपटी काढताच तेल अंगावर येईल. पॅनमधलं तेल आधी काढलेलं बरं, फिल्टर बदलण्याचं कामही त्यातच होतं.

शाफ्ट काढण्यापूर्वी पिनियन योक आणि शाफ्टवर खडूने समोरासमोर खूण करा. क्रॉसच्या मोकळ्या झालेल्या कप्स टेपने गुंडाळा, नाहीतर सुया जमिनीवर विखुरतील. मग पॅनखाली लाकडी फळी ठेवून जॅकचा आधार द्या आणि क्रॉसमेंबर (गिअरबॉक्स ज्यावर टेकतो तो आडवा दांडा) सोडा.

इथे घाई नको. गिअरबॉक्सची शेपटी खाली आली की इंजिन मागे कलतं. शेवरोलेच्या बिग-ब्लॉकमध्ये डिस्ट्रिब्यूटर इंजिनाच्या मागच्या टोकाला, फायरवॉलला जवळजवळ खेटून असतो. त्याची टोपी आधीच काढून ठेवा. फॅन आवरणाला लागतोय का, रेडिएटरची नळी ताणली जातेय का, कूलरच्या नळ्या वाकतायत का, हे दर इंचाला बघा. शेपटीचे बोल्ट निघतील एवढंच खाली या.

शेपटी निघाली की आउटपुट शाफ्टचे दाते बोटाने तपासा. झिजून धार आलेले दाते दिसले तर काम तिथेच थांबवून शाफ्ट बदलायला हवा. जुनं पॅकिंग पितळी किंवा प्लास्टिकच्या खरवडणीने काढा. अॅल्युमिनियमच्या तोंडावर ओरखडा म्हणजे कायमची गळती. मूळ शेपटी पुसून, कागदात गुंडाळून, बोल्टसकट जपून ठेवा.

जोडणं

आधी अडॅप्टर (गिअरबॉक्स आणि युनिट यांना जोडणारा ओतीव भाग), नवीन पॅकिंगसह, बोल्ट समोरासमोरच्या क्रमाने आणि पुस्तिकेतल्या टॉर्कने. मग जोडणीचा कपलर, दात्यांवर पुस्तिका सांगेल ते वंगण. मग युनिट.

युनिट जड आहे. ते दुसऱ्या जॅकवर किंवा जोडीदाराच्या हातांवर तोलून सरळ रेषेत आत सरकवा. तोंडं एकमेकांना टेकेपर्यंत ते हातानेच गेलं पाहिजे. थोडी फट राहिली तर बोल्टने ओढून बसवायचा मोह होतो. तसं कधीही करू नका. फट म्हणजे दाते जुळलेले नाहीत. आउटपुट शाफ्ट किंचित फिरवा, पुन्हा सरकवा. आणि एक-दोन बोल्टांवर युनिट लोंबकळत ठेवून चहाला जाऊ नका, ओतीव अडॅप्टरला तेवढ्यानेही तडा जाऊ शकतो.

टीएच ४०० चं मागचं माउंट त्याच्या शेपटीवर असतं, टीएच ३५० सारखं मुख्य खोक्यावर नसतं. म्हणजे शेपटी गेली की आधारही गेला. नवीन अडॅप्टरवर माउंटची बैठक कुठे येते आणि जुना क्रॉसमेंबर तिथे पोहोचतो का, हे पाहून मगच क्रॉसमेंबर घट्ट करा.

सगळं वर उचलल्यावर युनिटभोवती हात फिरवा. फ्लोअरचा टनेल, हँडब्रेकची केबल, एक्झॉस्टच्या दोन नळ्यांना जोडणारी आडवी नळी, पेट्रोलची नळी या सगळ्यांपासून अर्धा इंच तरी मोकळीक हवी. इंजिन रबरावर हलतं, भर वेगात ते आणखी हलणार. टनेलची एखादी शिवण आड येत असेल तर कार्पेट उचलून, ठोकून जागा करा आणि उघड्या पत्र्याला लगेच रंग लावा. एक्झॉस्टची आडवी नळी आड आली तर ती पुढे-मागे सरकवून घ्या, युनिट तिरकं करून जागा काढू नका.

कोन आणि शाफ्ट

आता गाडी पुन्हा चाकांवर, आणि तिन्ही कोन पुन्हा मोजा. गिअरबॉक्सचा कोन माउंटखाली पट्टी घालून बदलता येतो. शेवेलच्या मागच्या एक्सलला कॉइल स्प्रिंग आणि चार आर्म असतात, त्यामुळे पिनियनचा कोन बदलायला लांबी कमी-जास्त करता येणारे वरचे आर्म लागतात. पाटे असलेल्या गाड्यांत पाट्याखाली पाचर घालतात. जोर दिला की रबरी बुश दबून पिनियन वर उठतो, म्हणून उभ्या गाडीत तो समांतरपेक्षा एक अंश खाली ठेवावा.

शाफ्टचं माप सगळ्यात शेवटी घ्यायचं, कारण कोन बदलला की लांबीही बदलते. नवीन स्लिप योक (शाफ्टचं आत-बाहेर सरकणारं पुढचं टोक) युनिटमध्ये पूर्ण आत ढकला, मग पाऊण ते एक इंच बाहेर ओढा आणि तिथे खूण करा. त्या स्थितीत पुढच्या क्रॉसच्या मध्यापासून पिनियनच्या क्रॉसच्या मध्यापर्यंत मोजा. गाडीचं पूर्ण वजन चाकांवरच हवं. एक्सल लोंबकळत असताना घेतलेलं माप रद्दी समजा.

शाफ्ट नवीन करून घ्यावा असं माझं मत. जुन्या नळीत पन्नास वर्षांचे ठोके असतात. कापणं आणि वेल्डिंग कोणीही करेल, पण योग्य वेगावर बॅलन्स करून देणारं दुकान शोधा. त्यांना तो किती फिरणार हे सांगा. एक दिलासा असा की, गाडीचा वेग तोच असेल तर शाफ्टचा वेग ओव्हरड्राइव्हने बदलत नाही. ताशी ७० ला तो आधीही ३३६० ने फिरत होता, आताही तितकाच, आणि आखूड झाल्यामुळे उलट जास्त स्थिर. पण आता तुम्ही ताशी ८० वर सहज जाल, तेव्हा त्याला ३८४० सोसायचे आहेत.

वायरिंग

किल्ली चालू असतानाच वीज देणाऱ्या जागेवरून, किटमधल्या फ्यूजमधून लाइन घ्या. वायर एक्झॉस्टपासून दूर, फ्रेमला बांधून न्या. जमिनीची (अर्थिंगची) वायर रंगावर नाही, घासलेल्या उघड्या लोखंडावर. सोलेनॉइड पटकन लागत नाही किंवा मध्येच सुटतो, या तक्रारींचं मूळ बहुतेक वेळा इथेच सापडतं.

कंट्रोलर सोबत आला तरी रिव्हर्ससाठी स्वतंत्र संरक्षण मी लावतोच. पाच पायांची साधी रिले (विजेने चालणारा स्विच) घ्या, तिच्या पायांवर क्रमांक असतात. ८६ ला रिव्हर्सच्या दिव्याकडे जाणारी वायर, ८५ अर्थिंगला, ३० ला स्विचकडून येणारी लाइन आणि ८७-ए मधून पुढे सोलेनॉइड. रिव्हर्स टाकला की रिले खेचली जाते आणि सोलेनॉइडची वाट तुटते. एवढं मात्र ध्यानात ठेवा की रिव्हर्सच्या दिव्याचाच फ्यूज उडाला तर हे संरक्षणही जातं, म्हणून ते दिवे अधूनमधून तपासा. ओव्हरड्राइव्ह चालू आहे हे दाखवणारा छोटा दिवा डॅशबोर्डवर, थेट नजरेत येईल असा लावा.

स्विच पायाने दाबायचा की गिअरच्या दांड्यावर, हा आवडीचा प्रश्न. शेवेलमध्ये हेडलाइटचा डिमर आधीच डाव्या पायाखाली आहे. तिथेच दुसरा लावणार असाल तर दोघांत चांगलं अंतर ठेवा.

स्पीडोमीटरची केबल युनिटच्या मागच्या बाजूनेच घ्यायची. ती ओव्हरड्राइव्हच्या आधीच्या शाफ्टवरून घेतली, तर ओव्हरड्राइव्हमध्ये काटा ५५ दाखवेल आणि गाडी ७० च्या वर असेल. जोडल्यावर जीपीएसशी ताडून पाहा.

तेल आणि पहिली फेरी

युनिटचं तेल वेगळं, गिअरबॉक्सचं वेगळं. युनिटमध्ये बनवणाऱ्याने सांगितलेलंच तेल, तेवढंच, पातळीच्या बुचापर्यंत. आतल्या शंकूला पकड हवी असते, म्हणून घर्षण कमी करणारं कुठलंही मिश्रण घालू नका. गिअरबॉक्सचं तेल इंजिन चालू ठेवून, डिपस्टिकवर पाहून पूर्ण करा.

पहिली तपासणी मागची चाकं हवेत आणि एक्सलखाली घोड्या ठेवून करा, म्हणजे शाफ्टचे कोन खरे राहतात. कमी वेगात गिअर फिरवून आवाज ऐका, गळती बघा. मग रस्त्यावर, पहिले काही मैल ओव्हरड्राइव्हशिवाय. परत येऊन दोन्हीकडचं तेल आणि सगळे बोल्ट तपासा. नंतर ताशी ५० च्या आसपास, हलक्या पायाने, ओव्हरड्राइव्ह लावा. आरपीएम सुमारे बावीस टक्के पडला पाहिजे आणि तिथेच टिकला पाहिजे.

थरथर जाणवली तर ती कशाबरोबर बदलते ते पाहा. ताशी ६५ ला येते आणि ओव्हरड्राइव्ह लावला-काढला तरी तशीच राहते, तर शाफ्टचा बॅलन्स किंवा चाकं. ओव्हरड्राइव्ह काढताच बदलते, तर इंजिन, कन्व्हर्टर किंवा युनिटची बैठक. जागेवरून निघताना, जोर देताना हुडहुडी भरते, तर कोन चुकले आहेत. ओव्हरड्राइव्ह लागायला उशीर करत असेल तर आधी तेलाची पातळी, मग सोलेनॉइडपाशी प्रत्यक्ष मिळणारे व्होल्ट. युनिट उघडायचा विचार सगळ्यात शेवटी.

इंजिनालाही थोडं जुळवून घ्यावं लागतं. बऱ्याच डिस्ट्रिब्यूटरमध्ये यांत्रिक अॅडव्हान्स तीन हजारांच्या आसपास पूर्ण होतो, आणि आता तुमचा हायवेचा आरपीएम त्याच्या खाली आला आहे. शर्यतीच्या नादात कोणी व्हॅक्युम अॅडव्हान्सची नळी काढून बूच मारलं असेल तर ती परत जोडा. त्याशिवाय पेट्रोलची बचत दिसणारच नाही. कार्बुरेटरही आता कमी आरपीएमवर थोडा जास्त उघडा राहील. प्लगांचा रंग पाहून जेट बदलायचे की नाही ते ठरवा.

चालवताना युनिट फक्त तिसऱ्या गिअरपुरतं नाही. टीएच ४०० चे २.४८, १.४८ आणि १.०० यांच्यामध्ये त्याने १.९३ आणि १.१५ हे दोन टप्पे मिळतात आणि शेवटी ०.७७८. पहिल्यावरून दुसऱ्यावर जाताना आरपीएम एरवी चाळीस टक्के कोसळतो, मध्ये १.९३ घेतला तर दोन वेळा बावीस-तेवीस टक्के पडतो आणि इंजिन आपल्या ताकदीच्या पट्ट्यात राहतं. रोजच्या वापराला दुसरा आणि तिसरा यांच्यातला १.१५ सगळ्यात उपयोगी, डोंगराळ दोन पदरी रस्त्यावर ट्रक ओलांडताना तर फारच. लांब चढावर, किंवा ट्रेलर ओढताना, इंजिन २००० च्या खाली जड चालतंय असं वाटलं की ओव्हरड्राइव्ह काढा, वेग पडायची वाट पाहू नका.

पहिल्या काही शे मैलांनंतर युनिटचं तेल गरम असताना काढा. बुचाच्या चुंबकावर राखाडी पेस्टसारखा थर दिसला तर ती नव्या भागांची नेहमीची झीज. बोटाला टोचणारे तुकडे दिसले तर गाडी तिथेच उभी ठेवून बनवणाऱ्यांना फोन करा. तेल भरताना अडॅप्टरचे आणि क्रॉसमेंबरचे बोल्ट पुन्हा एकदा टॉर्क पान्याने तपासा, आणि तिन्ही कोनांचे नवे आकडे तारखेसह लिहून ग्लव्ह बॉक्समध्ये ठेवा. पुढे कधी स्प्रिंगा बदलल्या, की त्यांची गरज लागेल.